तिरका धागा मागावर नसतो

संक्रांत दोन दिवसांवर. हवा इतकी कोरडी
की नीलम नगरच्या शेडमध्ये सकाळपासून दोनदा फरशीवर पाणी मारलं,
तरी टॉवेलचं तूस उडतच होतं.
घरी आलो तर तेच तूस हातावरच्या केसांना.
श्रावंती म्हणाली, नाना, झटकू नका,
झटकलं की उलट जास्त चिकटतं, चार्जचा खेळ आहे.
बारावीला आहे. तिला माहीत.

मी जॅकार्डचा ग्राफवाला. बत्तीस वर्षं
चौकोनात लाल भरतोय.
आता कॉम्प्युटर करतो ते, पण एक-दोन जुने शेठ
अजून माझ्या हातचा मोर मागतात.
इकडे माझा ग्राफ, तिकडे तिची वही,
मधे एकच ट्यूबलाइट, आणि दाराशी बालामणी
सुपात पानं, तंबाखू, दोरा घेऊन.

तिनं चौरस काढला. बाजू दहा सेंटीमीटर.
चार कोपऱ्यांत चार ठिपके, ताकद सगळ्यांची सारखी,
तीन धन, एक ऋण.
ऋणाच्या समोरच्या कोपऱ्यात जो धन बसलाय
त्याच्यावर एकूण जोर किती, आणि कुठल्या दिशेला?

शेजारचे दोघे ढकलतात, पॉइंट नऊनं, पॉइंट नऊनं.
समोरचा ओढतो.
तो काही दुप्पट लांब नाही, पण जोर मात्र बरोब्बर निम्मा.
तिनं दोन मिळवले, एक वजा केला.
एक पूर्णांक पस्तीस.
पुस्तकाच्या मागे पॉइंट ब्याऐंशी.
पुन्हा केलं. पुन्हा पस्तीस.
बेरीज चोख होती, म्हणूनच तिला रडू यायला लागलं.

प्रभार म्हणजे काय, मला नाही सांगता येणार.
आठवीत शाळा सुटली, तीही तेलुगू शाळा.
पण तिरकं मला कळतं.

मोराची मान तिरकी असते, म्हटलं,
आणि मागावर तिरका धागा नसतो.
उभा ताणा, आडवा बाणा, तिसरं काही आलेलंच नाही.
मान वाकवायची तर एक घर वर, एक घर बाजूला,
परत एक वर, परत एक बाजूला.
दुरून बघणाऱ्याला वाकलेली दिसते.

ती गप्प झाली.
मग न विचारता माझ्याच ग्राफचा कोरा कागद ओढला.
एकानं नऊ घरं उजवीकडे. दुसऱ्यानं नऊ घरं वर.
ओढणाऱ्याची साडेचार घरं तिरकी, ती मोडली:
तीन आणि थोडं डावीकडे,
तीन आणि थोडं खाली.
उरली उजवीकडे सहाला जरा कमी, वर तेवढीच.

मी विचारलं, हे तिघं एकमेकांकडे बघून जोर लावत नाहीत?
नाही नाना. प्रत्येकजण असा लावतो
जणू बाकीचे दोघे नाहीतच.
आमच्या गल्लीत असा एक माणूस दाखव, म्हटलं.
ती हसली. नाक पुसलं.

पॉइंट ब्याऐंशी.
बाण कोपऱ्यातून बाहेर निघाला,
चौरसाला पाठ करून,
कागदाची शेवटची ओळ ओलांडून चटईवर.
तिथं माझ्या ग्राफला घरच नव्हतं.
पेन्सिलीची रेघ चटईवर अजून आहे.

बालामणी एवढा वेळ बोलली नव्हती.
वळता वळता म्हणाली, पॉइंट ब्याऐंशी म्हणजे किती ते वजनात सांग.
पोरीनं भागाकार केला. चौऱ्याऐंशी ग्रॅम, अम्मा.
तिनं सुपातून तंबाखूची मूठ उचलली,
दोन बोटांनी चिमूटभर परत टाकली,
आणि उरलेली पोरीच्या तळहातावर ठेवली.
काटा नाही लावला.
कारखान्याचा काटा रोज कमी भरतो,
त्यामुळे हातच शिकलाय.

एवढंच? श्रावंती म्हणाली.
एवढंच.
ती हात पुढे धरून बसून राहिली.
वजन सरळ खाली ओढत होतं,
तिरकं अजिबात नाही.
तंबाखूनं तिला शिंक आली.

अजून अकरा गणितं होती.